वाचकांचे प्रश्न: चिनी दरबार, चिलखत आणि ती वेणी

प्रश्न: आमच्या दांडिया बाजारच्या गणेश मंडळात यंदा मुलांचं नाटक आहे. ह्युएन त्संग भारतातून परत जातो आणि तिकडचा सम्राट त्याचं स्वागत करतो, असा शेवटचा सीन. ड्रेपरीवाल्याने पुरुषांना गोल काळ्या टोप्या आणि मागे लांब वेण्या दिल्यात, मुलींना उंच कॉलरचे घट्ट लाल सॅटिनचे ड्रेस. चालेल ना? – एक आई, वडोदरा

उत्तर: ताई, वेळ हातात असेल तर ते सगळं परत पाठवा, अगदी मनापासून सांगतेय. ह्युएन त्संग 645 साली राजधानी चांगआनला परतला, तेव्हा तांग घराण्याचं राज्य होतं, आणि पुरुषांना वेणी ठेवायला लावणारा हुकूम आला 1645 मध्ये, म्हणजे बरोबर हजार वर्षांनी! मुलींचा तो लाल ड्रेस तर त्याहून नवा, 1920 नंतर शांघायमध्ये फॅशनमध्ये आलेला. आपल्या भरूच आणि वलभीबद्दल ज्याने लिहून ठेवलं त्या माणसाचं नाटक वडोदऱ्यात होतंय, तर त्याचा दरबार नीट दिसायलाच हवा.

आणि तांग काळाचे कपडे शिवायला सोपे आहेत हो. पुरुषांना गोल गळ्याचा, घोट्यापर्यंतचा सैल झगा, कमरेला चामड्याचा पट्टा, पायात काळे बूट, आणि डोक्यावर काळ्या कापडाची टोपी जिच्या मागे दोन फिती लोंबतात. झाला दरबारी! फक्त रंग वाटताना जरा लक्ष द्या कारण 630 साली सम्राट ताइझोंगने रंगांचेच दर्जे लावून दिले होते, तिसऱ्या दर्जापर्यंतच्या बड्या अधिकाऱ्यांना जांभळा, चौथ्या-पाचव्याला लाल, मग हिरवा, सगळ्यात खाली निळा, म्हणजे नुसत्या रंगावरून प्रेक्षकांना कळेल कोण मोठा कोण छोटा. पिवळसर झगा एकट्या सम्राटाला द्या. मुलींना छोटं ब्लाउज आणि त्यावर छातीपाशी बांधलेला लांब घेरदार स्कर्ट, हातांवरून लोंबणारी ओढणी. घरातल्या जुन्या सिल्कच्या साड्यांमधून छान निघतील. एकदोन मुलींना पुरुषांचा झगा आणि बूट घातलेत तरी चालेल, तांग काळातल्या चित्रांत दरबारातल्या बायका तशा दिसतात, घोड्यावर बसलेल्याही दिसतात.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. जिथे पुढून एकावर एक पदर येणारा झगा असेल तिथे घालणाऱ्याचा डावा पदर वर आणि तो उजव्या कुशीला बांधायचा. उलटा पदर म्हणजे एकतर परक्या टोळीचा माणूस नाहीतर मेलेला माणूस, असं तिकडे मानायचे. कन्फ्यूशियसनेही म्हटलंय की ग्वान झोंगसारखा मंत्री झाला नसता तर आपण सगळे केस मोकळे सोडून उलटा पदर बांधून फिरत असतो.

ह्युएन त्संगला मात्र यातलं काहीच नको, मुंडण आणि भिक्षूचं वस्त्र.

प्रश्न: मी कारेलीबागेत राहतो, कॉलेजला आहे, चिनी गेम्स खूप खेळतो. त्यात प्रत्येक सैनिकाला सोनेरी चकचकीत चिलखत असतं. खरंच असं होतं का? आपल्या मराठ्यांच्या चिलखतासारखं होतं का ते?

उत्तर: मित्रा, फार आवडता प्रश्न विचारलास, म्हणून जरा लांबण लावते.

आपल्याकडचं चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. चीनमध्ये मुख्य पद्धत वेगळी, छोट्या छोट्या पट्ट्या दोरीने एकमेकींना बांधायच्या, घराच्या कौलांसारख्या एकीवर एक. शिआनजवळ 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे सैनिक सापडले ना, ते पहिल्या चिन सम्राटाचे, तो इ.स.पू. 210 मध्ये वारला. त्या पुतळ्यांवर प्रत्येक पट्टी, प्रत्येक गाठ कोरलेली आहे. नीट बघ, छातीवर वरची पट्टी खालचीवर येते पण पोटापाशी उलटं, खालची पट्टी वरचीवर, म्हणजे माणसाला वाकता यावं! कुणी कारागिराने मेलेल्या राजासाठी मातीत हेसुद्धा बरोबर दाखवलं, हे मला दरवेळी थक्क करतं. तिथेच 1998 मध्ये दगडी चिलखतंही निघाली, चुनखडीच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने जोडलेल्या. लढाईत निरुपयोगी, ती परलोकातल्या सैन्यासाठी.

पुढे हान घराण्याच्या काळात लोखंडाच्या पट्ट्यांची चाल वाढली. हबेई प्रांतात मानचेंगला 1968 मध्ये राजपुत्र ल्यू शेंगची कबर उघडली, त्यात लोखंडाच्या अडीच हजारांहून जास्त पट्ट्यांचं चिलखत होतं. (त्याचं स्वतःचं कफन तर जेड दगडाच्या 2,498 तुकड्यांचं, सोन्याच्या तारेने शिवलेलं.)

तुझ्या गेममधलं चकचकीत चिलखत साफ खोटं नाही. तांग काळात छातीवर दोन गोल, घासून आरशासारख्या केलेल्या चकत्या असलेलं चिलखत होतं, उन्हात चमकायचं. पण ते प्रत्येक साध्या शिपायाच्या अंगावर? छे, तेवढा पैसा कुठला. 718 साली समरकंदहून तांग दरबाराला कड्यांचं चिलखतही भेट आलं होतं, म्हणजे आपल्यासारखी जाळी त्यांना माहीत होती पण चाल पडली ती पट्ट्यांचीच.

सगळ्यात जड सोंग काळातलं. 1134 साली सरकारने नियमच केला, पायदळाच्या पूर्ण चिलखतात 1,825 पट्ट्या आणि वजन जास्तीत जास्त 50 जिन, म्हणजे आजचे साधारण 30 किलो. सोंगांकडे घोडे कमी आणि समोर उत्तरेचं घोडदळ, म्हणून पायी लढणाऱ्यालाच असं मढवायचं आणि त्याने ते अंगावर घेऊन चालायचं.

आणि कागदाचंही होतं बरं का! नवव्या शतकात शू शांग नावाच्या अधिकाऱ्याने कागदाच्या थरांची चिलखतं करून घेतली, जोरदार बाणही आत शिरायचा नाही असं तांग इतिहासात लिहिलंय. दक्षिणेच्या दमट हवेत लोखंड गंजतं, कागद हलका आणि स्वस्त, त्यामुळे पुढेही ती वापरात राहिली. मिंग काळात बंदुका आल्यावर कापूस भिजवून, तुडवून, दाबून जाड चिलखतं केली. काहींमध्ये कापडाच्या आत लोखंडी पत्रे आणि बाहेर फक्त खिळ्यांची डोकी दिसतात. चिंग म्हणजे मांचूंच्या राजवटीतली म्युझियममधली सुंदर रेशमी चिलखतं बघशील तर बऱ्याच वेळा खिळे आहेत पण आत पत्राच नाही, ती परेडची.

प्रश्न: आमच्या लहानपणी पुस्तकातला चिनी माणूस म्हणजे वेणीवालाच. ती त्यांची प्राचीन परंपरा ना? – रावपुऱ्यातले एक आजोबा

उत्तर: नाही आजोबा, ती लादलेली होती. 1644 मध्ये उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांनी बीजिंग घेतलं आणि पुढच्याच वर्षी राजप्रतिनिधी दोर्गोनने हुकूम काढला की सगळ्या पुरुषांनी कपाळाकडचे केस भादरायचे आणि मागे मांचू पद्धतीची वेणी ठेवायची, मुदत दहा दिवस. केस ठेवाल तर डोकं जाईल, अशी धमकीच होती. आईवडिलांनी दिलेले केस कापायचे नाहीत असं मानणारी माणसं ती, जियांगयिन गाव यावरून 81 दिवस लढलं आणि शेवटी कत्तल झाली.

मला वाटतं चिनी कपड्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर हे हुकूम बघावेत. इ.स.पू. 307 मध्ये झाओ राज्याच्या राजा वुलिंगने सैन्याला भटक्या टोळ्यांसारखी विजार घालून घोड्यावरून बाण मारायला लावलं, तेव्हा स्वतःच्या काकाचीसुद्धा समजूत काढावी लागली त्याला. 1368 मध्ये मिंग घराणं आलं तसं मंगोल कपडे बंद करून तांग पद्धतीचे परत आणा असं फर्मान निघालं, आणि 1391 मध्ये अधिकाऱ्यांच्या छातीवर चौकोनी बिल्ले आले, मुलकीला पक्षी, लष्करीला जनावर. मांचूंनी ते बिल्ले तसेच चालू ठेवले.

हान म्हणजे मूळ चिनी समाजाच्या बायकांवर मात्र तेवढी सक्ती झाली नाही, त्यांचे जाकीट-स्कर्ट चालू राहिले, आणि रंगमंचावरच्या नटांनाही सूट होती. म्हणून चिनी ऑपेराच्या पोशाखात मिंग काळ अजून बराच शिल्लक आहे. सामान्य पुरुषाला मात्र वेणीतून सुटायला 1911 ची क्रांती यावी लागली.

प्रश्न: अलकापुरीतल्या आमच्या पारशी शेजारीण काकूंनी मला त्यांचा जुना गारा (भरतकामाची रेशमी साडी) दिलाय, त्यावर पॅगोडा, पूल, बगळे आहेत. हा प्राचीन चिनी पोशाख म्हणायचा का? आणि सांभाळू कसा?

उत्तर: भरतकाम चिनी, पोशाख आपला. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनमधल्या कँटन बंदरात जायचे, तिथल्या कारागिरांकडून घरच्या बायकांसाठी रेशमावर भरतकाम करून आणायचे, मग त्याच्या साड्या नेसल्या जायच्या. चीनमधल्या बायका काही साडी नेसत नव्हत्या! आणि तुमचा तो बगळा खरं तर क्रौंच असेल, तर तो मात्र तोच पक्षी, जो तिकडे सर्वात वरच्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर असायचा.

हँगरला अजिबात लावू नका, भरतकामाच्या वजनाने रेशीम फाटतं. धुतलेली मलमल घेऊन त्यात सैल गुंडाळा, डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका, आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला.