डॉक्टरांच्या जागी नर्स प्रॅक्टिशनर: विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई गेल्या वर्षी टेक्सासमध्ये राहायला गेले. त्यांना चार वर्षांचा मुलगा आहे. विमा कंपनीच्या यादीतून त्यांना कुटुंबासाठी एक नेहमीचा दवाखाना निवडायचा होता. घराजवळच्या दवाखान्यातील डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत, मात्र तिथल्या ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ पुढच्याच आठवड्यात तपासू शकतील, असे त्यांना सांगण्यात आले. आमचे सारे घर वर्षानुवर्षे एकाच फॅमिली डॉक्टरांकडे जात आले आहे, त्यामुळे नातवाला नर्सच्या हाती सोपवणे मनाला पटत नाही. मुलीला काय सांगावे?
– एक आजी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. आपल्याकडे नर्स म्हटले की डॉक्टरांच्या सूचनेनुसार इंजेक्शन देणारी, सलाईन लावणारी, वॉर्ड सांभाळणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचे काम यापेक्षा पुष्कळ व्यापक असते. ती आधी नोंदणीकृत परिचारिका असते, त्यानंतर पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट घेते, राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणपत्र परीक्षा देते आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडून त्या कामाचा स्वतंत्र परवाना मिळवते. रुग्ण तपासणे, निदान करणे, रक्त-लघवीच्या चाचण्या सांगणे, औषध लिहून देणे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे पाठवणे ही सर्व कामे ती करते. तान्ह्या बाळापासून वृद्धांपर्यंत सर्व वयांचे रुग्ण तिच्या शिक्षणात येतात. या शिक्षणक्रमाची सुरुवात १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून केली आणि ती मुलांच्या आरोग्यसेवेपासूनच झाली, हे आपल्याला मुद्दाम सांगावेसे वाटते.

तरीही डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांचे शिक्षण सारखेच आहे, असे मी म्हणणार नाही. तिथला फॅमिली डॉक्टर पदवीनंतर चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो आणि पुढे तीन वर्षे रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याचे तास त्यामानाने बरेच कमी असतात. सर्दी-ताप, कानदुखी, लसीकरण, वाढीची नोंद, रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड अशा नेहमीच्या कामासाठी अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर उत्तम असते. मुलाला जन्मजात हृदयविकार असेल, वारंवार झटके येत असतील किंवा एकाच वेळी अनेक गुंतागुंतीचे आजार असतील, तर मात्र मुख्य जबाबदारी डॉक्टरांकडेच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे मुलीने तिथला नियम समजून घ्यावा. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करू शकतात. टेक्सासमध्ये तसे नाही. तिथे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो, आणि त्या डॉक्टरांनी ठरावीक काळाने चर्चा करून काही केसपेपर तपासणे बंधनकारक असते. म्हणून दवाखान्यात सरळ विचारावे, ‘यांच्याशी करार असलेले डॉक्टर कोण आहेत, आणि माझ्या मुलाबद्दल शंका आली तर ते स्वतः तपासतील का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर देताना टाळाटाळ होत असेल, तर दुसरा दवाखाना पाहावा.

शोध विमा कंपनीच्या यादीपासून सुरू करावा, पण तिथेच थांबू नये, कारण अशा याद्या अनेकदा जुन्या असतात. दवाखान्यात फोन करून ही व्यक्ती अजून तिथे काम करते का, नवे रुग्ण घेते का आणि आपल्या नेमक्या विमा योजनेच्या ‘नेटवर्क’मध्ये, म्हणजे योजनेने मान्य केलेल्या यादीत, येते का, हे विचारून घ्यावे. काही योजनांमध्ये नेहमीचा वैद्यक म्हणून कोणाचे तरी नाव आधी नोंदवावे लागते आणि तज्ज्ञांकडे जाण्यासाठी त्यांची चिठ्ठी लागते. अशा वेळी नर्स प्रॅक्टिशनरचे नाव चालते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. परवाना राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. त्यावर काही शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही तिथे दिसते.

नाव, पदवी आणि परवाना पाहून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: प्रत्येक वेळी हीच व्यक्ती भेटेल का? आपल्या फॅमिली डॉक्टरांवर आपला जो विश्वास आहे, त्याचे कारण केवळ त्यांची पदवी नाही. घरात कोणाला दमा आहे, कोणाला कोणते औषध सोसत नाही, कोणता माणूस दुखणे अंगावर काढतो, हे त्यांना ठाऊक आहे. हे जाणणारा माणूस एका भेटीत तयार होत नाही. काही मोठ्या दवाखान्यांत जो मोकळा असेल त्याच्याकडे रुग्णाला पाठवतात आणि दरवेळी सगळा इतिहास पुन्हा सांगावा लागतो. दरवेळी बदलणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वर्षानुवर्षे मुलाला ओळखणारी एक जाणती नर्स प्रॅक्टिशनर मी अधिक पसंत करेन. रस्त्याकडेचे ‘अर्जंट केअर’, म्हणजे आधी वेळ न ठरवता जाता येणारे दवाखाने अडीअडचणीला उपयोगी पडतात, पण त्यांनाच नेहमीचा दवाखाना मानू नये.

पहिल्या भेटीला जाताना नाशिकमधील लसीकरणाचे कार्ड सोबत असावे. चार ते सहा वर्षांच्या दरम्यान तिथे काही लसींचे पुढचे डोस देतात आणि कार्ड नसेल तर झालेल्या लसीही पुन्हा घ्याव्या लागू शकतात. आपल्याकडील बहुतेक मुलांना बीसीजी ही क्षयरोगावरील लस दिलेली असते. तिच्यामुळे त्वचेवरील क्षयरोगाची चाचणी विनाकारण सकारात्मक येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी करावी अशी विनंती करावी. औषधांची नावे ब्रँडने न सांगता मूळ घटकाने सांगावीत. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन असते आणि दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. मुलगी-जावई स्वतःची तपासणी करून घेणार असतील, तर आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाची चाचणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २३ पासूनच सुचवलेली आहे, हे त्यांनी आवर्जून सांगावे. याकडे समोरची व्यक्ती किती लक्ष देते, यावरूनही तिची पारख होईल.

प्रश्न : आमच्या गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ताई माझ्या वडिलांना दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या देतात. त्या नर्सिंग शिकलेल्या आहेत. डॉक्टर न पाहता औषध घेत राहणे सुरक्षित आहे का?
– एक शिक्षक, हरसूल परिसर, ता. त्र्यंबकेश्वर

उत्तर : अमेरिकेतल्यासारखी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आपल्याकडे अजून नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणक्रम अतिदक्षता आणि प्रसूतिसेवा यांसाठी आहेत. परिचारिकेने स्वतंत्र दवाखाना काढून औषधे लिहून द्यावीत, अशी सर्वसाधारण मुभा आपल्याकडे नाही. शहरात कोणी तसा फलक लावला असेल तर सावध राहावे.

आपल्या गावच्या ताईंचे स्थान मात्र वेगळे आणि अधिकृत आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तिथे नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी नर्सिंग किंवा आयुर्वेदाच्या पदवीनंतर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला असतो. रक्तदाबाचे निदान आणि पहिले औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवावे आणि पुढच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळाव्यात, अशी ही रचना आहे. वडिलांना पूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासले असेल, तर दर महिन्याला ताईंकडून औषध घेण्यात काहीच चूक नाही. गोळ्यांत खंड न पडणे हीच रक्तदाबाच्या उपचारातील अर्धी लढाई आहे. तसे तपासलेले नसेल, तर याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

प्रत्येक वेळी रक्तदाब मोजून तो पुस्तिकेत लिहिला जातो की नाही, हे आपण पाहावे. न मोजता नुसती गोळ्यांची पाकिटे हाती दिली जात असतील, तर नम्रपणे पण ठामपणे मोजायला सांगावे. वर्षातून एकदा साखर आणि मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी व्हावी. आकडा सलग दोन महिने १४०/९० च्या वर राहिला, तर ताईंना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांशी बोलणे करून देण्यास सांगावे. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर उपकेंद्र उघडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि निघताना पुस्तिका व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत.