स्वीट कॉर्नचं बियाणं सुरकुतलेलं, म्हणजे बोगस का?

प्रश्न : स्वीट कॉर्नची पिशवी फोडली तर दाणे सुरकुतलेले, वजनाला हलके. दुकानदार म्हणतो, असंच असतं. शिवाय मागच्या हंगामात कणसांत मधूनमधून टणक, भरलेले दाणे आले आणि व्यापाऱ्याने माल परत केला. कारण काय?

उत्तर : दुकानदार खरं बोलतोय. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

मक्याच्या दाण्यात साखरेपासून पिष्ट बनतं. त्या कामाच्या सुरुवातीलाच एक विकर, म्हणजे एन्झाइम लागतं. नाव जिभेला जड आहे : एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज. ते चार तुकड्यांचं असतं, दोन ‘मोठे’ आणि दोन ‘लहान’. (आकारात फरक थोडाच, नावं तेवढी पडली.) चार बैली नांगर आठवा. दोन बैल सोडले तर उरलेल्या जोडीने काळं रान फुटत नाही. मोठा तुकडा बनवणारा जनुक ‘श्रंकन-2’, लहान बनवणारा ‘ब्रिटल-2’. तुमच्या वाणात श्रंकन-2 निकामी आहे. मोठा तुकडा नाही, म्हणून विकर जेमतेम चालतं, पिष्ट कमी बनतं आणि साखर दाण्यातच राहते. वाळल्यावर आत भर नसल्याने दाणा चिपाडतो. ‘श्रंकन’चा अर्थच आक्रसलेला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लाफनन यांनी या दाण्यांचा गोडवा 1953 मध्ये मांडला आणि पुढे त्यावरून वाण निघाले.

आता टणक दाण्यांचं. बांधापलीकडे साधा मका होता ना? त्याच्या तुऱ्यातल्या परागात धडधाकट श्रंकन-2 असतो. तो वाऱ्याने तुमच्या कणसाच्या केसांवर पडला की त्याच दाण्यात मोठा तुकडा बनू लागतो आणि दाणा पिष्टाने भरतो. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. दोष बियाण्याचा नाही. साध्या मक्यापासून किमान 250 मीटर अंतर ठेवा. एवढं रान कोणाकडे असतं, हे मलाही माहीत आहे. मग शेजाऱ्याशी बोलून पेरणी अशी ठरवा की दोन्हींचे तुरे तीन आठवड्यांच्या फरकाने येतील. शेजारी वेगळ्या प्रकारचा गोड मका असला तरी धोका आहेच. त्यात बहुधा दुसराच जनुक बिघडलेला असतो, श्रंकन-2 शाबूत असतो.

उगवणीला मात्र जपा. पिष्टाची शिदोरी नसल्याने कोंब दुबळा असतो, आणि भिजल्यावर झिरपणाऱ्या साखरेवर बुरशी धावते. थंड किंवा चिबड जमिनीत टोकू नका. वापसा आल्यावर अडीच-तीन सेंटिमीटर खोलीवर, बीजप्रक्रिया केलेलं बी टोका. पिशवीवर बीजप्रक्रिया लिहिलेली असेल तर पुन्हा करायची गरज नाही.

उन्हाळी साधा मका घेणाऱ्यांसाठी एक जोड : हे विकर मक्याच्या दाण्यात उष्णतेला हळवं असतं. प्रयोगशाळेत 57 अंशांवर पाच मिनिटांत त्याचं जवळपास सगळं काम थांबलं. बटाट्यातलं मात्र 70 अंशांनाही टिकलं. म्हणून दाणा भरण्याचा काळ भर मेमध्ये येणार नाही अशी पेरणी करा.

पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजा. पिशवीवरच्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी भरली, तर पिशवी, लेबल आणि पावती घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या. थोडं बी शिल्लक ठेवायला विसरू नका.