जोड कुठे आहे ते सांग

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा चिडून. रोमन शिल्पांच्या प्रदर्शनाची बैठक, टेबलाभोवती अर्धं आयुष्य संगमरवरात घालवलेले क्युरेटर, आणि तू चार पानं खर्च केलीस ती ‘मी सगळ्यांत नवा, मी बोलू का?’ यावर. खरा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात दडवून ठेवलास. मी तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या पुतळ्याचं धड दुसऱ्या शतकातलं, डोकं भलत्याच पुतळ्याचं, नाक आणि उजवा हात अठराव्या शतकातल्या कारागिराचे. बैठकीतला एक म्हणतो, हे लेबलवर लिहिलं तर प्रेक्षकाचा विरस होईल. दुसरी म्हणते, नंतरचं सगळं काढूनच टाकू. आणि तुला दोघांचंही पटतं.

अरे, दोघांचंही पटून कसं चालेल? जोड कुठे आहे ते सांग. लपवू नकोस, उपटूही नकोस. सांग.

उपटणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयातल्या ‘लॅन्सडाउन हेराक्लीस’ या रोमन पुतळ्याचे अठराव्या शतकात बसवलेले तुकडे १९७०च्या दशकात काढले. दोन दशकांनंतर त्यांतले काही पुन्हा बसवले. शुद्धीकरणाच्या भरात आपण त्या पुतळ्याच्या आयुष्यातली दोन शतकंच खोडतोय, हे उमगायला एवढा वेळ गेला.

आणि लपवणाऱ्यांसाठी लाओकून, सापांच्या विळख्यात तडफडणाऱ्या ट्रॉयच्या पुजाऱ्याचं प्राचीन शिल्प. १५०६ मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात सापडला तेव्हा उजवा हात नव्हता. पुढे मोंतोर्सोली या शिल्पकारानं सरळ, आकाशाकडे ताणलेला हात बसवला. वेदना म्हणजे असा ताठ हात, हे पिढ्यान् पिढ्या चित्रकार त्यावरूनच शिकले. १९०६च्या सुमारास लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममधल्या एका गवंड्याच्या आवारात संगमरवरी हाताचा तुकडा दिसला. तो होता मागे दुमडलेला. पुतळ्याला तो लागला १९५०च्या दशकाच्या अखेरीस. तोवर चारशे वर्षं उलटली होती. ‘हा हात नंतरचा’ एवढी ओळ ज्यानं कुठे लिहून ठेवली असेल, त्याच्या पायावर मी डोकं ठेवीन.

‘खरा’ पुतळा असा शब्द तुझ्या मेलमध्ये तीनदा आलाय. तो आधी खोड. रोमन लोक स्वतः काय करत होते? डोकं वेगळं घडवून धडाच्या खाचेत बसवायची पद्धत त्यांच्यातही रूढ होती. इटलीत मिसेनमला सापडलेला तो ब्राँझचा घोडेस्वार बघ. होता सम्राट डोमिशियन. त्याचा खून झाला, सिनेटनं नाव पुसायचं ठरवलं, आणि शिल्पाला पुढचा सम्राट नेर्व्हाचा चेहरा लावला. घोडा तोच, धड तेच. आता यातलं खरं काय? रोमच्या तोर्लोनिया संग्रहातल्या संगमरवरी बोकडाचं अंग प्राचीन आहे आणि डोकं सतराव्या शतकातल्या बेर्निनी या शिल्पकाराचं मानलं जातं. बेर्निनीचं डोकं काढणार आहेत का तुमच्या त्या बाई?

पण त्या दोघांना फार बोल लावू नकोस. आमच्या घरी मूर्तीचं बोट जरी तुटलं तरी आजी ती नदीत सोडून यायची. खंडित वस्तू समोर असली की माणसाला चैन पडत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावांनाही पडत नव्हती. रोममध्ये कावाचेप्पीसारख्या पुतळे दुरुस्त करणाऱ्या शिल्पकारांच्या कार्यशाळेत नाकं, बोटं, हात बसवून मगच पुतळे बोटीवर चढायचे. बसवलेला भाग जुन्याशी मिळावा म्हणून जुना पृष्ठभागही घासायचे! त्याचा मला अजून राग येतो.

माझ्या रागाचं कारण मात्र रोमन नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मोठे पाहुणे येणार म्हणून, एका देवीच्या दगडी मूर्तीला प्लास्टरचं नाक बसवून रंगवलं. लेबल मी लिहिलं. नाकाबद्दल अक्षर नाही. दोन पावसाळ्यांत ते पिवळट पडलं. सहलीला आलेल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, नाकाचा रंग वेगळा का?” मी म्हटलं, “दगड असाच असतो.” तिनं मान डोलावली. विश्वास ठेवला रे तिनं.

त्यानंतर मी हट्टी झाले. एका प्रदर्शनात प्रत्येक लेबलखाली ‘नंतरचे भाग’ ही ओळ घालायला लावली. छपाई दोनदा झाली, खर्चाचा ठपका माझ्यावर आला, पुढचं मोठं प्रदर्शन दुसऱ्याकडे गेलं. त्याचं दुःख नाही असं मी सगळ्यांना सांगते. आहे. पण ती ओळ चूक नव्हती. वरिष्ठांशी जरा गोड बोलले असते तर एकाच छपाईत भागलं असतं, असं आमच्याकडचे अजून म्हणतात. म्हणू देत. गोड बोलूनच ते नाक बसलं होतं.

तेव्हा बैठकीत बोलायचं का, हा प्रश्नच नाही. काय दाखवून बोलायचं ते बघ. दालन बंद झाल्यावर टॉर्च आडवा धर, सांधे आपोआप सावली टाकतील. कंझर्वेटरला, म्हणजे वस्तूंची जपणूक करणाऱ्या तज्ज्ञाला, पुतळा अतिनील दिव्याखाली बघायला सांग. जुना पृष्ठभाग आणि नव्यानं कापलेला संगमरवर सहसा वेगवेगळे चमकतात. मग पुतळ्याची साधी रेखाकृती काढ आणि नंतरचे भाग करड्या रंगानं भर. विरस होतो म्हणणाऱ्यापुढे ती ठेव आणि गप्प बस. बघ, तो स्वतःच वाकून सांधे शोधायला लागेल. प्रेक्षकही तेच करतो. मी पाहिलंय.

साठ शब्दांची मर्यादा आहे म्हणालास. पुरेत. ‘अप्रतिम’ आणि ‘कालातीत’ काढलेस की नाक, हात आणि डोकं तिन्ही मावतात. बैठक गुरुवारी ना? मसुदा मंगळवारी पाठव, बुधवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

– बाई