छोट्या मेटल लेथच्या स्पिंडलला हाताने फिरवायचं हँडल घरी कसं बनवावं?

शोल्डरपर्यंत (जॉबचा व्यास एकदम वाढतो त्या पायरीपर्यंत) आटे पाडताना मोटर वेळेत थांबत नाही आणि टूल शोल्डरवर आपटतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर हँडल हाच खरा उपाय. माझ्याकडेही 7x14 मिनी लेथ आहे आणि आखूड आटे मी हँडलनेच पाडतो.

पट्टी आणि मूठ कुणीही बनवेल, सगळं काम पकडीचं आहे. स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचा) मागचा बोअर, म्हणजे आतलं भोक, वर्नियरने मोजा (या लेथला साधारण 20 मिमी असतो) आणि सहज सरकेल इतपत बारीक एमएस (माइल्ड स्टील) बार टर्न करा. लांबी चेंज गिअरच्या कव्हरबाहेर येईल एवढी हवी. आरपार 8.5 मिमीचं भोक पाडा. आतल्या टोकाला टॉप स्लाइड (टूलखालची, तिरकी लावता येणारी छोटी स्लाइड) 10 अंशांवर लावून टेपर, म्हणजे निमुळतं भोक, बोअर करा, आणि स्लाइड न हलवता त्याच सेटिंगवर, जाड टोक बाहेर ठेवून, आत एम8 आटे असलेला कोन (शंकू) टर्न करा. दोन्ही टेपर तंतोतंत जुळतात. मग हॅक्सॉने टोकाला चार उभे काप, साधारण 40 मिमी खोल. बाहेरून लांब एम8 बोल्ट आवळला की कोन आत ओढला जातो आणि बार फुगून बोअरला धरतो.

कोनमध्ये एक छोटी पिन ठोका, ती एका कापात बसली पाहिजे. नाहीतर बोल्टबरोबर कोनही नुसता गरगर फिरतो. काढताना बोल्ट दोन आटे ढिला करून डोक्यावर हलकेच ठोका, पकड सुटते.

हातासाठी 25x6 मिमीची पट्टी पुरे, मध्यापासून मुठीपर्यंत 100 मिमी. ती बारला वेल्ड करून घ्या. मूठ बोल्टवर मोकळी फिरायला हवी.

हँडल लावण्याआधी प्लग काढा, आणि तो समोर बेडवर ठेवा. मोटर चुकून सुरू झाली तर ती पट्टी हाड मोडेल. यात तडजोड नको. वेग बदलायचा हाय-लो लिव्हर असेल तर मध्ये न्यूट्रलला ठेवा, म्हणजे मोटर ओढावी लागत नाही.

आटे पाडताना हाफनट (टूलच्या कॅरेजला लीडस्क्रूशी, म्हणजे तिला सरकवणाऱ्या लांब स्क्रूशी, जोडणारा नट) शेवटपर्यंत लावलेलाच ठेवा. 1.5 मिमी पिचच्या लीडस्क्रूवर 1.75 मिमीचे आटे पाडताना तो मध्येच उघडला तर टूल पुन्हा त्याच खाचेत येईलच असं नाही. शोल्डरपाशी थांबा, क्रॉस स्लाइडने टूल मागे घ्या, हँडल उलटं फिरवून परत या. एवढ्या कमी वेगाला कार्बाइडपेक्षा धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल आणि कटिंग ऑइल चांगलं.

हेच हँडल टॅप मारायलाही उत्तम. टॅप टेलस्टॉकच्या (बेडच्या उजव्या टोकाच्या सरकत्या भागाच्या) चकमध्ये धरा, पण टेलस्टॉक बेडवर आवळू नका, टॅप आत जाईल तसा तोही मागोमाग सरकू द्या.