लेन्सची सोयरीक

या वेळच्या टपालात लेन्सबद्दलचेच प्रश्न जास्त निघाले. त्यातले चार घेते. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : मी सोनीची फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी वापरतो. माणसांचे फोटो काढतो, कधीमधी नाटकांच्या तालमींचे. सिग्माची आर्ट मालिकेतली ३५ एमएम एफ/१.४ घ्यायचं मनात आहे. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणतात, ‘बॉडी ज्या कंपनीची, लेन्स त्याच कंपनीची. बाहेरची लेन्स म्हणजे तडजोड.’ खरंच काही गमवावं लागेल का?

उत्तर : तुमच्या गुरूंचं म्हणणं त्यांच्या काळात बरोबर होतं. मी उमेदवारी करत होते तेव्हा बाहेरच्या कंपनीची लेन्स म्हणजे पैसे वाचवायची वाट, एवढीच तिची ओळख. ॲपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. ते पूर्ण उघडलं की चित्राच्या कडा विरघळायच्या. दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) बंद केल्याशिवाय फोटो कुणाला दाखवायची सोय नसायची.

२०१२ साली सिग्माने आपल्या लेन्सची आर्ट, स्पोर्ट्स आणि कंटेम्पररी अशी नव्याने विभागणी केली. आर्टमधली पहिलीच लेन्स होती ३५ एमएम एफ/१.४. मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नव्याने आखलेली तिची आवृत्ती २०२१ मध्ये आली, तुम्ही घेताय ती बहुधा तीच. २०१३ मध्ये १८-३५ एमएम एफ/१.८ आली. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यांसाठी झूमभर एफ/१.८ देणारी लेन्स तोवर कुणीच केली नव्हती, कॅमेरा बनवणाऱ्यांनीही नाही. माझ्याकडची अजून रोज चालते. रिंगवरचं रबर सैल झालंय, पण चित्र पहिल्या दिवशी होतं तसंच येतं. त्याच वर्षी झाइस या लेन्स कंपनीची ओटस ५५ एमएम आली. ऑटोफोकस नाही, वजन किलोच्या आसपास. तिला तडजोड म्हणणारं मला कुणी भेटलं नाही. हात भरून येतो म्हणणारे मात्र बरेच भेटले.

तेव्हा काचेची काळजी सोडा. ही सोयरीक जुळवताना बघायचं ते बोलणं. लेन्सच्या मागे जे सोनेरी ठिपके असतात, तिथून बॉडी आणि लेन्स सेकंदाला कितीतरी वेळा एकमेकींशी बोलत असतात. सोनीने ई-माउंटची, म्हणजे लेन्स बसवण्याच्या आपल्या जोडणीची, मूलभूत माहिती २०११ मध्ये इतर उत्पादकांना खुली केली. म्हणून तुमच्या बॉडीवर सिग्मा, टॅमरॉन या बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स थेट बसतात आणि डोळ्यावर फोकसही धरतात. पण ‘मूलभूत’ हा शब्द नीट वाचा. सोनीची अल्फा १ स्वतःच्या लेन्सवर सेकंदाला ३० फ्रेम काढते. बाहेरची लेन्स लावली की ती १५ वर थांबते. टेलिकन्व्हर्टरही (लांबचं आणखी जवळ आणणारी मधली जोडभिंगं) बाहेरच्या लेन्सवर चालत नाहीत. झेपावणारा शिकारी पक्षी टिपायचा असेल तर हे बोचेल. तालमीत संवाद म्हणणारा नट सेकंदाला पंधरा वेळा टिपून तुम्ही करणार काय? बिनधास्त घ्या.

हे सगळं सोनीवाल्यांसाठी. इतरांनी आपला माउंट तपासावा. कॅननचा आरएफ माउंट आला २०१८ मध्ये, पण सिग्मा आणि टॅमरॉन परवान्यानिशी त्यावर येणार ही घोषणा व्हायला २०२४ उजाडलं, आणि सुरुवातही एपीएस-सी लेन्सपासूनच झाली. एल-माउंटवाल्यांना हा प्रश्नच नाही. तिथे लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा २०१८ पासून एकाच गोटात आहेत.

प्रश्न : आम्ही तिघी मिळून लघुपट करतोय. कॅमेरा मिररलेस, लेन्स फोटोग्राफीची, चांगल्या प्रतीची, पण बाहेरच्या कंपनीची. मी फोकस ओढते, म्हणजे पात्र हलेल तसा फोकस हाताने बदलते. रिंगवर खुणा करून ठेवते, तरी प्रत्येक टेकला पात्र वेगळ्याच जागी शार्प होतं. माझा हात कच्चा आहे की लेन्स?

उत्तर : लेन्स. बहुतेक वेळा लेन्सच.

मिररलेसच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकस रिंग काचेला जोडलेलीच नसते. तुम्ही रिंग फिरवता, ती मोटरला निरोप धाडते, मोटर काच हलवते. त्यात अनेक लेन्स तुमचा वेगही मोजतात. झपकन फिरवलं तर लांब उडी, हळू फिरवलं तर मुंगीची पावलं. रिंग तेवढीच फिरली तरी काच तेवढीच सरकेल याचा भरवसा नाही. मग खुणा कशा जुळणार?

खात्री करून घ्या. एक वस्तू एक मीटरवर, दुसरी तीन मीटरवर ठेवा. जवळचीवर फोकस करा, रिंगवर आणि लेन्सच्या नळीवर समोरासमोर पट्टी चिकटवून रेघ मारा. लांबचीवर झपकन जा, सावकाश परत या. रेघेला रेघ भिडली आणि तरीही जवळची वस्तू सॉफ्ट, म्हणजे धूसर, दिसली, तर तुमच्या हाताची निर्दोष सुटका. काही बॉड्यांवर रिंगची ही चाल एकसारखी करता येते. पॅनासॉनिकच्या एस मालिकेत तर रिंग किती अंशात फिरावी तेही ठरवता येतं. लेन्सची साथ मात्र हवी.

नसेल तर यंत्राने जोडलेली रिंग शोधा. झाइसच्या लोक्सिया लेन्स त्यासाठीच आहेत. फोकस पूर्णपणे हाताचा, आणि ॲपर्चर रिंगची कट्‌कट्‌ बंद करून शॉट चालू असतानाच उजेड सलग कमीजास्त करता येतो. डीएसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) काळातल्या सिग्मा आर्ट लेन्सही अशाच जोडलेल्या, फक्त त्यांची रिंग थोडक्यात फिरते. माझ्या १८-३५ वर पात्र अर्धं पाऊल पुढे आलं तर रिंग नखभर हलवावी लागते. तिथे श्वास रोखून काम करावं लागतं, आणि संध्याकाळी मनगट बोलतं.

सिनेमासाठी बनवलेल्या सिने लेन्सचा मोठा फायदा हाच, की त्यांची रिंग यंत्राने जोडलेली असते आणि लांबवर फिरते. सिग्माने २०१६ मध्ये सिने लेन्स जाहीर केल्या, त्यातल्या प्राइम (झूम नसलेल्या) आतून आर्ट मालिकेच्याच आहेत. बदललंय ते बाहेरचं : फोकस रिंग १८० अंश फिरते, फॉलो फोकस (रिंग फिरवायचं उपकरण) बसायला दाते असतात, आणि उजेड टी-स्टॉपमध्ये लिहिलेला असतो. एफ हा आकडा भिंगाच्या मापांवरून काढलेला, टी हा प्रत्यक्षात आरपार येणाऱ्या उजेडाचा. म्हणून आर्टमधली एफ/१.४ तिथे टी १.५ होते आणि १८-३५ होते टी २. दोन लेन्सनी एकच प्रसंग चित्रित करताना हा फरक कामाला येतो. चित्रणाच्या दिवसांपुरत्या भाड्याने आणा, विकत घेऊ नका.

एक गोष्ट मात्र लेन्स निवडतानाच बघून घ्या : ब्रीदिंग. फोकस जवळून लांब नेताना चौकट किंचित आत-बाहेर होते, जणू कॅमेरा श्वास घेतोय. फोटोत ते दिसत नाही, म्हणून फोटोच्या लेन्स करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याकडे काणाडोळा केला. सोनीच्या काही बॉड्या ही हालचाल सॉफ्टवेअरने दाबतात, पण सोनीच्याच ठरावीक लेन्सवर. तुमच्या लेन्सला ती सवलत नाही. मागे उभ्या दाराची चौकट ठेवून फोकस ओढा, लगेच समजेल.

प्रश्न : कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यापासून बाहेरची लेन्स फोकसच धरत नाही. लेन्स बिघडली का?

उत्तर : बहुधा नाही. बॉडीची बोली बदलली, लेन्स अजून जुनीच बोलतेय. लेन्सच्या कंपनीने नवं फर्मवेअर काढलंय का बघा, असेल तर घाला. टॅमरॉनच्या अलीकडच्या बऱ्याच लेन्सना त्यासाठी नळीवरच यूएसबी-सी असतं.

माझी फजिती ऐका. चित्रणाच्या आदल्या रात्री रिकामा वेळ होता म्हणून कॅमेरा अपडेट केला. सकाळी लेन्स नुसती पुढे-मागे घुटमळत राहिली. समोर मुलाखतीला बसलेले आजोबा, खुर्ची झुलती. दिवसभर त्यांच्या झोक्याबरोबर मी हाताने फोकस झुलवत होते. काही आठवड्यांनी लेन्सचा अपडेट आला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण निम्मा दोष माझा. आता काम हातात असताना मी अपडेटच्या बटणाकडे बघतसुद्धा नाही.

प्रश्न : नवी झूम लेन्स माझ्या जुन्या लेन्सच्या उलटी फिरते. सवय होईल का?

उत्तर : होईल. कॅनन आणि निकॉनच्या झूम एकमेकींच्या उलट फिरतात, त्यामुळे बाहेरची कंपनी कुणाच्या तरी हाताला उलटी जाणारच. मी नळीवर पांढरी पट्टी लावून बाण काढला होता. तो कधी पुसला गेला ते माझ्या लक्षातही आलं नाही.