वाचकांचे प्रश्न : घरासाठी जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा?

प्रश्न : आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोडे आत आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतले खांब आडवे झाले आणि वीज परत यायला महिना उलटला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. घरी वयस्कर आई-वडील असतात. पाणी विहिरीतून १ एचपीच्या सबमर्सिबल पंपाने येते. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंप चालत नाही. पाच पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, दोन किलोवॅटचा गीझर आणि दीड टनाचा जुना एसी एवढी उपकरणे आहेत. एका विक्रेत्याने या सगळ्यांची बेरीज करून १० केव्हीएचा डिझेल जनरेटर सुचवला. शेजारी मात्र अडीच केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरवर भागवतात. आम्ही नेमका किती क्षमतेचा घ्यावा?

उत्तर : आपल्या विक्रेत्याचा हिशेब बेरीज म्हणून बरोबर आहे. आपण दिलेल्या यादीतील सर्व उपकरणे एकाच वेळी चालू केली, तर साडेसात किलोवॅटच्या थोडा वर भार होतो, आणि ०.८ या पॉवर फॅक्टरने (किलोवॅट आणि केव्हीए यांच्या गुणोत्तराने) भागले की साडेनऊ केव्हीए येतात. म्हणून त्याने १० चा आकडा सांगितला. पण वादळानंतर महिनाभर वीज नसताना कोणी गीझर, एसी, इस्त्री, मिक्सर आणि पंप एकदम लावत नाही. घरगुती जनरेटरची क्षमता ठरवताना दोनच गोष्टी पाहायच्या असतात : सतत चालू ठेवावाच लागेल असा भार किती आहे, आणि सुरू होताना सर्वांत जास्त वीज ओढणारी मोटर कोणती आहे.

सतत चालणारा भार आधी पाहू. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, म्हणजे पाच पंख्यांचे ३७५ वॅट झाले. डझनभर एलईडी दिव्यांचे ११० वॅट, फ्रिज चालू असताना १५० वॅट, टीव्ही आणि इंटरनेटचा राउटर मिळून १२० वॅट, आणि ज्याचा हिशेब बहुतेक जण विसरतात तो इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होण्याचा भार सुमारे ३०० वॅट. एकूण जेमतेम एक किलोवॅट होतो.

हा आकडा आपल्याला स्वतः पडताळता येईल. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. अनेक मीटरवर हा आकडा ३२०० असतो. जनरेटरवर जे चालवायचे आहे तेवढेच चालू ठेवून एका मिनिटातील लुकलुक मोजा, तिला ६० ने गुणा आणि छापील आकड्याने भागा. मिनिटाला ४० वेळा लुकलुक झाली, तर ४० गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे पाऊण किलोवॅट. कोणत्याही विक्रेत्याच्या तक्त्यापेक्षा आपल्याच घरातले हे मोजमाप अधिक विश्वासार्ह आहे.

आता पंप. पंपाच्या पाटीवर ०.७५ किलोवॅट लिहिलेले असते, पण ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते. तेवढी देण्यासाठी एकफेजी मोटर तारेतून १.१ ते १.२ किलोवॅट ओढते. खरी अडचण सुरू होतानाची आहे. थांबलेली मोटर फिरू लागेपर्यंत नेहमीच्या चार ते सहा पट प्रवाह घेते. १ एचपीच्या मोटरचा चालू प्रवाह सहा-सात अँपिअर धरला, तर सुरू होण्याच्या क्षणी तो तीस अँपिअरच्या आसपास जातो. २३० व्होल्टला त्याचे जवळपास ७ केव्हीए होतात. हा झटका एखाद्या सेकंदाचा असतो आणि तेवढ्यापुरता चांगला अल्टरनेटर (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) आपल्या क्षमतेच्या सुमारे दुप्पट प्रवाह देऊ शकतो, मात्र त्या वेळी व्होल्टेज खाली येते. म्हणून ७ केव्हीएच्या झटक्याला साडेतीन केव्हीएच्या आसपासचा जनरेटर लागतो, आणि त्याच वेळी वर मोजलेला एक किलोवॅट चालू राहावा असे वाटत असेल तर साडेचार ते पाच. आपल्या शेजाऱ्यांच्या अडीच केव्हीएवर दिवे-पंखे-फ्रिज सुखाने चालत असतील, पण १ एचपीच्या पंपाला तो कमी पडतो : मोटर नुसती घुमते, दिवे मंद होतात, आणि असे वारंवार झाले की वाइंडिंग जळते.

आपल्या घरासाठी माझे स्पष्ट मत ५ केव्हीए, एकफेजी, सेल्फ-स्टार्ट असे आहे. दोरी ओढून सुरू होणारा संच आई-वडिलांच्या उपयोगाचा नाही.

१० केव्हीए का नको, याचे कारण केवळ किमतीत नाही. डिझेल इंजिन क्षमतेच्या तीस टक्क्यांपेक्षा कमी भारावर तासन्‌तास चालले की पुरेसे तापत नाही. न जळलेले डिझेल आणि तेल सायलेन्सरमध्ये साचते, पाइपातून काळा चिकट थर गळू लागतो, नोझल आणि रिंगांवर कार्बन धरतो आणि इंजिनची ताकद हळूहळू कमी होते. आपल्याकडे रात्रीचा भार चार-पाचशे वॅटचा असेल. १० केव्हीएच्या, म्हणजे ८ किलोवॅटच्या, संचाला तो जेमतेम सहा टक्के होतो. मोठा संच म्हणजे निर्धास्तपणा ही समजूत गावोगावी आढळते, आणि तिच्यापायी चांगली इंजिने दोन-तीन पावसाळ्यांत खराब होतात.

५ केव्हीएवरही भार अगदी कमी राहू नये म्हणून जनरेटर दिवसभर चालवण्याऐवजी सकाळी अडीच-तीन तास आणि संध्याकाळी तितकेच तास चालवावा आणि त्या वेळात कामे एकापाठोपाठ एक उरकावीत. प्रथम फक्त पंप सुरू करावा, तो स्थिर झाला की फ्रिज आणि पंखे जोडावेत. टाकी भरल्यावर पंप बंद करून गीझर लावावा; गीझरला सुरुवातीचा झटका नसतो, त्यामुळे एक किलोवॅटच्या भारावर त्याचे दोन किलोवॅट सहज मावतात. मिक्सर आणि इस्त्री गीझर बंद झाल्यावर. जुना एसी मात्र या हिशेबातून वगळावा. त्याचा कॉम्प्रेसर पंपापेक्षाही मोठा झटका देतो आणि केवळ त्याच्यासाठी क्षमता दुप्पट करणे मला योग्य वाटत नाही. एसी आई-वडिलांसाठी खरोखर आवश्यक असेल, तर इन्व्हर्टर प्रकारचा घ्यावा. तो हळूहळू वेग घेतो आणि ५ केव्हीएवर, पंप बंद असताना, चालतो.

रात्र इन्व्हर्टरवर काढायची असेल, तर बॅटरीचे गणित आधी समजून घ्या. १५० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १५ अँपिअरने चार्ज होते, म्हणजे संध्याकाळच्या तीन तासांत तिच्यात ४५ अँपिअर-तासच जातात. तेवढ्यावर दोन साधे पंखे आणि दोन दिवे अडीच तास चालतील. तेच पंखे कमी वीज घेणारे, ३० वॅटचे बीएलडीसी असतील, तर पाच तास. त्यामुळे जनरेटरच्या आधी दोन पंखे बदलणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. आणखी एक बारकावा : अनेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो ‘यूपीएस’वर असेल तर जनरेटरचे कमी-जास्त होणारे व्होल्टेज इन्व्हर्टर स्वीकारत नाही आणि जनरेटर चालू असूनही बॅटरी उतरत राहते. जनरेटरच्या काळात तो ‘नॉर्मल’वर ठेवावा.

पेट्रोल की डिझेल, याचे उत्तर किती दिवस चालवायचा यावर आहे. लहान पेट्रोल संचातून लिटरमागे साधारण दोन युनिट वीज मिळते, डिझेल संचातून योग्य भारावर तीन ते साडेतीन. चार-सहा तासांच्या खंडासाठी पेट्रोल संच स्वस्त आणि हलका आहे. महिनाभराच्या अंधाराची शक्यता असलेल्या किनारपट्टीवर मी डिझेलच सुचवीन. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये राहिले की काही महिन्यांत चिकट होते, आणि त्यातील इथेनॉल हवेतली ओल धरते; कोकणातल्या पावसाळ्यात ही अडचण लहान नाही. वर सांगितल्याप्रमाणे दिवसाला पाच-सहा तास वापर धरला, तर २० लिटरचा डिझेलचा कॅन आठवडाभर पुरेल. तो वादळाचा इशारा आल्यावर आधीच भरून, घराबाहेर सावलीत ठेवावा. वादळानंतर रस्त्यावर झाडे पडलेली असतात आणि पेट्रोल पंपालाही वीज नसते.

खरेदीच्या वेळी पाटीवरचा ‘मॅक्सिमम’ आकडा न धरता ‘रेटेड’ किंवा ‘कंटिन्युअस’ आकडाच धरावा. पैसे पूर्ण देण्यापूर्वी संच घरी आणवून, फ्रिज आणि पंखे चालू असताना आपलाच पंप त्यावर सुरू करून दाखवायला सांगावे. वायरमनने पंपाच्या वायरीला टंग टेस्टर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावून प्रवाह आणि सोबत व्होल्टेज पाहावे. क्षणभर व्होल्टेज खाली जाऊन लगेच २२०-२३० वर आले तर ठीक. पंप घुमत राहिला तर जनरेटरला दोष देण्याआधी पंपाच्या पॅनलमधील कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) तपासून घ्यावा. कमकुवत झालेला कपॅसिटर महावितरणच्या वाहिनीवर कसाबसा निभावतो आणि जनरेटरवर उघडा पडतो.

संच ठेवण्याची जागा पडवी, माजघर, गोठा किंवा जिन्याखालचा कोपरा असता कामा नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. खिडक्या-दारांपासून किमान वीस फूट दूर, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या, अशी शेड करावी आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला ठेवावे.

प्रश्न : पुण्यात व्यवस्थित चालणारा आमचा अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर महाबळेश्वरच्या घरी नेल्यापासून तेवढाच भार उचलत नाही, काळा धूर सोडतो. यंत्रात बिघाड असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनची शक्ती दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्क्याने घटते, कारण विरळ हवेत ऑक्सिजन कमी मिळतो. कार्बोरेटर मात्र पूर्वीइतकेच पेट्रोल सोडत राहतो, म्हणून धूर काळा होतो आणि प्लगवर काजळी धरते. उत्पादकाच्या सेवा केंद्रातून उंचीसाठीचा लहान मेन जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बसवून घ्यावा. तरीही गमावलेली शक्ती पूर्ण परत येणार नाही, त्यामुळे डोंगरावरच्या घरासाठी नवा संच घेताना दहा-पंधरा टक्के अधिक क्षमता धरावी. हा जेट बसवलेला संच पुन्हा पुण्याला आणायचा झाल्यास जुना जेट परत बसवल्याशिवाय भारावर चालवू नये, कारण इंजिन जास्त तापते.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आमच्याकडे अनेकांनी लहान जनरेटर घेतले. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती घरातील सॉकेटमध्ये घालतात आणि मेन स्विच बंद करतात. पूर्ण घराला वीज मिळते. यात धोका आहे का?

उत्तर : हा प्राणघातक प्रकार आहे, आणि तो आजच थांबवावा अशी कळकळीची विनंती आहे. मेन स्विच बंद करायचे एकदा राहून गेले की आपल्या जनरेटरची वीज उलट दिशेने सर्व्हिस वायरमधून डीपीपर्यंत, म्हणजे वस्तीतल्या रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत), जाते. रोहित्र उलटेही काम करते. २३० व्होल्टचे पलीकडच्या बाजूला ११ किंवा २२ हजार व्होल्ट होतात. वाहिनी बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. आपल्या घरातही सॉकेटमधून निसटलेल्या वायरीची उघडी पिन जिवंत असते, आणि पुरानंतरच्या ओल्या जमिनीवर ती कोणाच्याही हाताला किंवा पायाला लागू शकते. वीज अचानक आली आणि मेन चालू असला, तर दोन्ही पुरवठे एकमेकांवर आदळून जनरेटरही जळतो.

यावर उपाय एकच : परवानाधारक वायरमनकडून मेनजवळ चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. एकफेजी घराला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा, तीनफेजी जोडणीला चार पोलचा. त्याचा दांडा एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकाच बाजूला राहू शकतो, मध्ये दोन्ही बंद असतात, त्यामुळे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. जनरेटरच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग करावे. चेंजओव्हर बसेपर्यंत फ्रिज, चार्जर, दिवा अशी उपकरणे जाड वायरीच्या एक्स्टेंशन बोर्डाने थेट जनरेटरच्याच सॉकेटवर चालवावीत आणि घराच्या वायरिंगला जनरेटर जोडूच नये.