वाचकांचे प्रश्न : जुनी शिक्षा आणि बंदूक

प्रश्न : अमेरिकेत शिकत असताना दुकानातील किरकोळ चोरीबद्दल मला दंड झाला होता. आता मी तेथील नागरिक आहे. मला बंदूक विकत घेता येईल का?

उत्तर : बहुधा येईल; मात्र निकालपत्र काढून पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका. १९६८च्या संघीय कायद्यानुसार, राज्याने सौम्य गुन्हा ठरवलेल्या कृत्यासाठी दोन वर्षांहून अधिक कैदेची तरतूद असेल, तर बंदूक घेता येत नाही. येथे तुम्हाला प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे पाहिले जात नाही, न्यायाधीशांना कमाल किती देता आली असती हे पाहिले जाते, आणि नुसता दंड भरून सुटलेली माणसे नेमकी येथेच फसतात.

घरगुती हिंसाचाराचा अपवाद फार कडक आहे, आणि तो तसाच असायला हवा. पत्नीला मारहाण केल्याबद्दल सौम्य गुन्ह्याची शिक्षा झाली असली, तरी १९९६च्या दुरुस्तीमुळे बंदी लागू होते आणि ती सहसा आयुष्यभर राहते.

राज्यांचे नियम याहून कठोर असू शकतात. कॅलिफोर्नियात काही सौम्य गुन्ह्यांनंतर दहा वर्षे बंदी असते.

परवानाधारक दुकानदार तुमच्याकडून ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून घेतो आणि त्यानंतर तुमची पूर्वपीठिका तपासली जाते. त्या अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे, म्हणून शंका असल्यास सही करण्यापूर्वी त्या राज्यातील वकिलाला निकालपत्र दाखवा.